कालमान (नैसर्गिक विज्ञान)

कालमान म्हणजे एखादी नैसर्गिक प्रक्रिया लक्षात येण्याइतकी पुढे सरकण्यास, पूर्ण होण्यास किंवा पुन्हा घडण्यास लागणारा साधारण कालावधी. रेणूतील अणूंचे एक कंपन सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही सुमारे लाखाव्या भागात पूर्ण होते, तर पर्वतरांगा उभ्या राहण्यास कोट्यवधी वर्षे लागतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूविज्ञान, हवामानशास्त्र व खगोलशास्त्र या शाखांत एखाद्या प्रक्रियेचा अभ्यास बहुधा तिचे कालमान ठरवण्यापासून सुरू होतो. प्रक्रिया ‘जलद’ की ‘मंद’, पदार्थ ‘घन’ की ‘द्रव’, भूप्रदेश ‘स्थिर’ की ‘अस्थिर’ ही विशेषणे स्वतंत्रपणे अर्थपूर्ण नसतात. प्रक्रियेचे कालमान आणि निरीक्षणाचा कालखंड यांच्या गुणोत्तरावरून ती ठरतात. हे गुणोत्तर चुकीचे धरले गेल्यास पृथ्वीच्या वयापासून भूकंपाच्या धोक्यापर्यंतचे निष्कर्ष चुकू शकतात.

संकल्पना

कालमान हा सहसा काटेकोर आकडा नसून अंदाज असतो. एखादी प्रक्रिया १० वर्षांची आहे, १,००० वर्षांची आहे की १० लाख वर्षांची, एवढे निश्चित झाले तरी तिच्या अभ्यासाची दिशा ठरते. अभ्यासाचा कालखंड निवडल्यावर सर्व संबंधित प्रक्रिया तीन गटांत विभागता येतात:

• अभ्यासाच्या कालखंडापेक्षा पुष्कळ मंद प्रक्रिया: यांतील बदल नगण्य असल्याने त्या स्थिर धरल्या जातात.
• पुष्कळ जलद प्रक्रिया: यांचा तपशील न पाहता केवळ सरासरी परिणाम विचारात घेतला जातो.
• जवळपास तेवढ्याच कालमानाच्या प्रक्रिया: यांचा बदल प्रत्यक्ष मांडावा लागतो.

नदीच्या पुराचे उदाहरण घेता येईल. पूर काही तासांत किंवा दिवसांत येऊन ओसरतो. या अभ्यासात डोंगरांची झीज लक्षावधी वर्षांची असल्याने डोंगर स्थिर मानले जातात, पाण्यातील क्षणोक्षणी बदलणाऱ्या भोवऱ्यांची सरासरी घेतली जाते, आणि पाऊस व जमिनीतील ओलावा यांचा बदल तासागणिक मोजला जातो. तीच नदी आपली दरी कशी कोरते हे पाहायचे झाल्यास विभागणी बदलते. मग हजारो पुरांची सरासरी घेतली जाते आणि डोंगरांची झीज व उत्थान हे अभ्यासाचे मुख्य विषय होतात.

कालमानांचा विस्तार

निसर्गातील कालमाने इतक्या व्यापक पट्ट्यात पसरलेली आहेत की ती सामान्य मोजपट्टीवर एकत्र दाखवता येत नाहीत. त्यासाठी प्रत्येक पायरीला दहापट वाढणारी मोजपट्टी वापरतात. काही कालमाने पुढीलप्रमाणे आहेत:

• रेणूतील अणूंची कंपने: काही दहा फेम्टोसेकंद. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश होय. अशा कालमानावर रासायनिक अभिक्रियांचा अभ्यास केल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.
• भूकंपाच्या प्राथमिक लहरींचा पृथ्वीच्या आरपार प्रवास: सुमारे २० मिनिटे.
• बाष्पाचे वातावरणातील वास्तव्य: सुमारे ९ दिवस.
• एल निनोची पुनरावृत्ती: २ ते ७ वर्षे.
• सौर डागांचे चक्र: सुमारे ११ वर्षे.
• महासागरातील खोल पाण्याचे अभिसरण: सुमारे १,००० वर्षे.
• पृथ्वीच्या आसाच्या कलण्यातील चक्र: सुमारे ४१,००० वर्षे.
• भारतीय व युरेशियन भूपट्टांच्या टकरीपासूनचा काळ: सुमारे ५ कोटी वर्षे.
• सूर्यासारख्या ताऱ्याचे हायड्रोजन-ज्वलनाचे आयुष्य: सुमारे १,००० कोटी वर्षे.

कालमान काढण्याच्या पद्धती

साठा व प्रवाह

एखाद्या साठ्याला त्यातून बाहेर जाणाऱ्या प्रवाहाने भागल्यास ‘निवासकाल’ मिळतो. वातावरणातील सर्व बाष्पाचे पाणी झाले, तर पृथ्वीवर सरासरी सुमारे २५ मिलिमीटर जाडीचा थर साचेल. पृथ्वीवर वर्षाला सरासरी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजेच वातावरणातील पाणी वर्षातून सुमारे ४० वेळा बदलते आणि पाण्याचा एक रेणू वातावरणात सरासरी ९ दिवस राहतो.

अर्धायुकाल

किरणोत्सारी मूलद्रव्याचे निम्मे अणू क्षय पावण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. कार्बन-१४ चा अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षे, तर युरेनियम-२३८ चा सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे. इतका प्रदीर्घ काळ कोणीही प्रतीक्षा केलेली नसताना तो मोजता येतो, याचे कारण अणूंच्या प्रचंड संख्येत आहे. एक ग्रॅम युरेनियम-२३८ मध्ये दर सेकंदाला सुमारे १२,४०० अणूंचा क्षय होतो. हा दर आणि अणूंची एकूण संख्या यांवरून अर्धायुकाल काढता येतो. एका अणूकडे दीर्घकाळ पाहण्याऐवजी असंख्य अणूंकडे अल्पकाळ पाहणे हेच या पद्धतीचे तत्त्व आहे. जपानमधील सुपर-कामिओकांडे या प्रयोगात ५०,००० टन पाण्यावर लक्ष ठेवून प्रोटॉनच्या क्षयाचा शोध घेतला जातो. तेथे क्षय आढळलेला नाही, आणि त्यावरून क्षयाच्या काही प्रकारांसाठी प्रोटॉनचे आयुष्य १ वर ३४ शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असले पाहिजे, असा निष्कर्ष निघतो.

विसरण

उष्णता, आर्द्रता किंवा दाब एखाद्या माध्यमातून हळूहळू पसरतो, तेव्हा लागणारा काळ अंतराच्या नव्हे, तर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतराच्या वर्गाला माध्यमाच्या विसरणांकाने भागले असता कालमान मिळते. खडकातील उष्णतेचा विसरणांक सेकंदाला सुमारे एक चौरस मिलिमीटर असतो. त्यानुसार उष्णतेला खडकातून १ मीटर जाण्यास सुमारे १२ दिवस, १० मीटर जाण्यास सुमारे ३ वर्षे, १ किलोमीटर जाण्यास सुमारे ३२,००० वर्षे आणि १०० किलोमीटर जाण्यास सुमारे ३२ कोटी वर्षे लागतात. दिवसरात्रीच्या तापमानातील चढउतार जमिनीत फार खोल शिरत नाहीत आणि खोल गुहांतील तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते, ते यामुळेच.

इतिहास: पृथ्वीच्या वयाचा वाद

सतराव्या शतकात युरोपात पृथ्वीचे वय बायबलमधील वंशावळींवरून काढले जात असे. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये सृष्टीच्या निर्मितीचे वर्ष इ.स.पू. ४००४ असे ठरवले. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन यांनी वेगळा मार्ग सुचवला. आज दिसणारी झीज व गाळाचे संचयन याच गतीने पूर्वीही चालू होते असे मानल्यास, खडकांच्या जाड थरांसाठी अतिप्रचंड काळ लागला असला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. चार्ल्स लायेल यांनी १८३० ते १८३३ या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा विचार विस्ताराने मांडला. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये इंग्लंडमधील वील्ड या प्रदेशाच्या झिजेसाठी सुमारे ३० कोटी वर्षांचा अंदाज दिला, मात्र टीकेनंतर १८६१ च्या आवृत्तीतून तो वगळला.

विल्यम थॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८६२ मध्ये उष्णतेच्या वहनाचे गणित पृथ्वीला लावले. आरंभी वितळलेली पृथ्वी केवळ वहनाने थंड होत गेली असे मानून, खाणींत खोलीनुसार वाढणाऱ्या तापमानावरून त्यांनी तिचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान असल्याचे सांगितले. १८९७ पर्यंत त्यांनी ही मर्यादा २ ते ४ कोटी वर्षांवर आणली. सजीवांच्या उत्क्रांतीला व खडकांच्या निर्मितीला इतका काळ अपुरा असल्याचे अनेक भूवैज्ञानिकांचे मत होते, परंतु त्यांच्यापाशी तेवढे काटेकोर गणित नव्हते.

केल्व्हिन यांच्या गणितात आकडेमोडीची चूक नव्हती. गृहीत धरलेली प्रक्रिया अपुरी होती. वर दिलेल्या विसरणाच्या नियमानुसार १० कोटी वर्षांत वहनाने केवळ वरचा ५० ते ६० किलोमीटरचा थर थंड होऊ शकतो आणि त्याखालील उष्णता पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. केल्व्हिन यांचे माजी साहाय्यक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले. पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णता वहनापेक्षा अधिक वेगाने, उदा. पदार्थाच्या अभिसरणाने, वर येत असेल, तर पृष्ठभागाजवळचे तापमान आज दिसते तसे राहूनही पृथ्वीचे वय कित्येक पटींनी अधिक असू शकते, असे त्यांनी दाखवले. त्या वेळी या आक्षेपाकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

१८९६ मध्ये आंरी बेकरेल यांनी किरणोत्सर्गाचा शोध लावल्यानंतर खडकांचे वय थेट मोजण्याचा मार्ग खुला झाला. बर्ट्रम बोल्टवुड व आर्थर होम्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून खनिजांची वये काढली. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये अशनींतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखवले. किरणोत्सर्गातून निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे केल्व्हिन यांचे गणित चुकले, असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात वहनाने थंड होणाऱ्या पातळ थरात ती उष्णता मिळवूनही उत्तर फारसे बदलत नाही. निर्णायक ठरते ते अंतर्भागातील अभिसरण.

घन आणि द्रव

पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरणातून भूकंपाच्या दुय्यम लहरी जातात. या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, म्हणून प्रावरण घन आहे. तरीही तेच प्रावरण भूवैज्ञानिक काळात वाहते. या दोन्ही विधानांत विसंगती नाही, कारण भूकंपलहरींचे कालमान सेकंद ते मिनिटांचे, तर प्रवाहाचे शेकडो ते लक्षावधी वर्षांचे असते.

ताण दिल्यावर पदार्थाला वाहून तो ताण सैल करण्यास लागणाऱ्या काळाला शिथिलनकाल म्हणतात. शिथिलनकालाला निरीक्षणाच्या काळाने भागले असता मिळणाऱ्या संख्येला मार्कुस राइनर यांनी १९६४ मध्ये ‘डेबोरा अंक’ असे नाव दिले. हे नाव बायबलमधील डेबोरा या स्त्रीवरून घेतलेले आहे. हा अंक १ पेक्षा फार मोठा असल्यास पदार्थ घनासारखा, तर फार लहान असल्यास द्रवासारखा वागतो.

याचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात आहे. थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबरासारखा पिच हा पदार्थ नरसाळ्यात ओतला आणि १९३० मध्ये नरसाळ्याची तळाची नळी कापून मोकळी केली. हातोड्याने मारल्यास काचेसारखा फुटणारा हा पदार्थ त्यानंतर थेंबाथेंबाने गळत आहे. त्याचा आठवा थेंब २००० मध्ये आणि नववा २०१४ मध्ये पडला.

निसर्गात हाच परिणाम स्कँडिनेव्हियात दिसतो. हिमयुगातील जाड बर्फाच्या भाराने तेथील भूकवच खाली दबले होते. तो बर्फ सुमारे १०,००० वर्षांपूर्वी वितळला, परंतु प्रावरण संथपणे वाहत असल्याने जमीन अद्याप वर येत आहे. बॉथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात हा वेग वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर, म्हणजे शतकात सुमारे ९० सेंटिमीटर आहे. बंदर उथळ झाल्यामुळे स्वीडनमधील लुलेओ हे शहर १६४९ मध्ये समुद्राच्या दिशेने हलवावे लागले.

निरीक्षणाचा कालखंड

नोंदींचा कालखंड घटनेच्या पुनरावृत्तिकालापेक्षा लहान असल्यास, ती घटना नोंदींत नसणे हा ती घडत नसल्याचा पुरावा ठरत नाही. समजा, एखाद्या प्रस्तरभंगावर सरासरी ५,००० वर्षांतून एकदा मोठा भूकंप होतो. मग १०० वर्षांच्या नोंदींत तो आढळण्याची शक्यता केवळ सुमारे २ टक्के असते. उरलेल्या ९८ टक्के शक्यतेत तो प्रदेश नोंदींवरून शांत दिसेल.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे महाराष्ट्राच्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेला किल्लारीचा भूकंप हे याचे ठळक उदाहरण आहे. सुमारे ६.२ तीव्रतेच्या या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड धाबी असलेली घरे कोसळल्याने जीवितहानी वाढली. त्या वेळच्या भारतीय भूकंपप्रवणता नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. द्वीपकल्पाच्या अंतर्भागात ताण अत्यंत मंद गतीने साठतो, त्यामुळे एकाच जागी दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षांचे अंतर असू शकते. उपकरणांनी केलेल्या नोंदी मात्र शतकभराच्याच होत्या. २००२ मध्ये सुधारित मानकात पहिले क्षेत्र रद्द करून दुसऱ्यात विलीन करण्यात आले आणि किल्लारीच्या परिसराचा समावेश तिसऱ्या क्षेत्रात झाला. नोंदींपलीकडचा काळ अभ्यासण्यासाठी प्रस्तरभंगावर चर खणून सरकलेले मातीचे थर तपासतात आणि त्यांतील सेंद्रिय अवशेषांचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढतात.

पुनरावृत्तिकाल या संज्ञेबाबतही गैरसमज आढळतो. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ याचा अर्थ तो आल्यानंतर शंभर वर्षे निश्चिंती, असा नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का असते, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यानुसार ३० वर्षांच्या काळात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, तर १०० वर्षांत सुमारे ६३ टक्के असते. हे गणित परिस्थिती बदलत नाही असे गृहीत धरते. हवामान किंवा नदीचे पात्र बदलत असल्यास जुन्या नोंदींवरून काढलेला पुनरावृत्तिकालही बदलतो.

कारण व परिणाम यांतील विलंब

काही प्रक्रियांत कारण आणि परिणाम यांच्यामध्ये कालमानाइतका विलंब असतो. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या जलाशयात १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागल्यानंतर परिसरात लहान भूकंप जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयाशी निगडित भूकंपांमध्ये हा जगातील सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी एक मानला जातो. पाण्याच्या वजनाचा परिणाम खडकांवर तत्काळ होतो, परंतु भेगांतून खोलवर जाणाऱ्या पाण्याच्या दाबाला विसरणाचा नियम लागू पडतो. भेगाळलेल्या खडकात दाबाचा विसरणांक सेकंदाला एक चौरस मीटर धरल्यास ५ किलोमीटर खोलीपर्यंत दाब पोहोचण्यास सुमारे ९ ते १० महिने लागतात. त्यामुळे जलाशयाची पातळी आणि भूकंप यांचा संबंध त्याच दिवसाच्या किंवा आठवड्याच्या नोंदींत शोधल्यास तो निसटू शकतो. पातळीतील बदल व त्यानंतरच्या महिन्यांतील भूकंप यांची तुलना करणे आवश्यक असते.

काळाची विभेदनक्षमता: दख्खन ट्रॅप

महाराष्ट्राचा बहुतांश भाग व्यापणारे दख्खन ट्रॅपचे बेसॉल्ट खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून बनले. डायनोसॉरांसह अनेक सजीवांचा नाशही याच सुमारास झाला. मेक्सिकोतील चिक्शुलुब येथे लघुग्रहाचा आघातही त्याच वेळी झाल्याने, या विनाशात उद्रेकांचा वाटा किती, हा प्रश्न कालमानाशी येऊन ठेपतो.

उद्रेकातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूंपासून बनलेले कण सूर्यप्रकाश अडवतात, परंतु काही वर्षांत ते खाली बसतात. १९९१ च्या पिनाटुबो उद्रेकानंतर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने घटले होते, आणि तो परिणाम दोन-तीन वर्षांत ओसरला. याउलट, कार्बन डायऑक्साइडचा परिणाम हजारो वर्षे टिकतो. म्हणून एकूण लाव्हा किती निघाला एवढेच पुरेसे नसते. तो थोड्या कालावधीत एकवटून निघाला की दीर्घ विरामांसह, यावर हवामानावरील परिणाम अवलंबून असतो. सह्याद्रीतील घाटरस्त्यांच्या कापांत बेसॉल्टच्या थरांमध्ये दिसणारे तांबड्या मातीचे पट्टे अशा विरामांची साक्ष देतात. त्या काळात वरचा खडक उघडा राहून विघटित झाला होता.

हा क्रम ठरवण्यासाठी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या घटना हजारो वर्षांच्या अचूकतेने मोजाव्या लागतात. पूर्वीच्या वयमापनातील अनिश्चितता काही लाख ते काही दशलक्ष वर्षांची असल्याने ते शक्य नव्हते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांत ती बरीच कमी झाली. बहुतांश उद्रेक १० लाख वर्षांहून कमी काळात झाले, यावर दोन्ही अभ्यासांचे साधारण एकमत आहे. मात्र युरेनियम-शिसे पद्धतीच्या अभ्यासानुसार ते चार तीव्र टप्प्यांत झाले, तर आरगॉन समस्थानिकांवर आधारित अभ्यासानुसार ते अधिक सलग होते.

हवामानबदलातील दोन कालमाने

एकाच पदार्थाला प्रश्नानुसार भिन्न कालमाने असू शकतात. वातावरणात सुमारे ८७० अब्ज टन कार्बन आहे. वनस्पती, माती व समुद्र यांच्याशी दरवर्षी सुमारे २०० अब्ज टनांची देवाणघेवाण होते. त्यावरून कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूचा निवासकाल सुमारे ४ वर्षे येतो. यावरून उत्सर्जन थांबल्यास काही वर्षांतच वातावरण पूर्ववत होईल, असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. बाहेर जाणाऱ्या रेणूंच्या जागी जवळपास तितकेच रेणू परत येतात, त्यामुळे देवाणघेवाणीने वाढीव साठा कमी होत नाही. तो कमी होण्यासाठी कार्बन खोल समुद्रात मिसळावा लागतो, ज्याला शतके ते सहस्रके लागतात, आणि उरलेला भाग खडकांच्या विघटनातून लाखो वर्षांत काढला जातो. मिथेन मात्र रासायनिक अभिक्रियेने नष्ट होतो आणि त्याचा वाढीव साठा सुमारे १२ वर्षांच्या कालमानाने घटतो. म्हणूनच मिथेनचे उत्सर्जन कमी केल्यास त्याचा परिणाम काही दशकांत दिसतो, तर कार्बन डायऑक्साइडबाबत आजवरच्या एकूण उत्सर्जनाचा हिशेब महत्त्वाचा ठरतो.